वठल्या लाकडावरील लहान छत्र

मृगाच्या पहिल्या दोन-चार सरी पडून गेल्या की पुणे शहरात रस्त्यांच्या कडेला, बागांच्या कुंपणालगत आणि वेताळ टेकडीच्या पायवाटांवर पडलेल्या वाळक्या फांद्यांवर पांढुरक्या पंख्यांच्या ओळी दिसू लागतात. आकार नखाएवढा, फार तर दोन बोटे रुंद. वरच्या अंगाला लोकरीसारखी लव. देठ जवळजवळ नाहीच. एका कडेने लाकडाला चिकटून हे पंखे एकावर एक रचल्यासारखे उगवतात. येणाजाणाऱ्यांपैकी बहुतेकांचे तिकडे लक्ष जात नाही. गेलेच तर 'कुत्र्याची छत्री' म्हणून ती पायाने उडविली जाते आणि ज्या लाकडावर ती उगवली ते लाकूड कचऱ्यात अथवा चुलीत जाते.

खेड्यातील रीत याहून वेगळी नाही. बांधावरचे वठलेले झाड, कुजत पडलेला ओंडका, फांद्यांचा ढीग हे सर्व 'घाण' या एका सदरात मोडते आणि उन्हाळ्यात काडी लावून निकालात काढले जाते. शेत स्वच्छ असावे हा उपदेश योग्यच आहे, पण स्वच्छ शेत म्हणजे झाडून-पुसून उघडे केलेले शेत, असा त्याचा अर्थ कालांतराने होऊन बसला. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही हा अर्थ पुष्कळदा तपासून पाहिलेला नाही. कोणते लाकूड दूर करावे आणि कोणते पडू द्यावे याचा विवेक करण्यास हे लहानसे छत्र चांगले निमित्त आहे.

त्याचे शास्त्रीय नाव शिझोफायलम कम्यून. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास फ्रीस यांनी ते १८१५ साली दिले. नावाचा पहिला भाग 'दुभंगलेले पान' या अर्थाचा आहे, दुसऱ्याचा अर्थ सर्वसाधारण, सगळीकडे आढळणारे. दोन्ही भाग सार्थ आहेत. छत्र उलटे करून पाहिले असता खालच्या बाजूस पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेली पाती दिसतात आणि प्रत्येक पात्याची कड उभी चिरलेली असते. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की पुन्हा चुकत नाही. अंटार्क्टिका सोडल्यास पृथ्वीवरील प्रत्येक खंडात हे छत्र सापडते. मराठीत अशा सर्व बुरशींना सरसकट 'भूछत्र' म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु याचा भुईशी संबंध नाही. ते उगवते लाकडावर, आणि तेही बहुतांशी मेलेल्या लाकडावर.

पात्याची ही चीर निरर्थक नाही. हवा कोरडी झाली की चिरलेल्या पात्याचे दोन्ही पदर बाहेरच्या बाजूस वळून मिटतात आणि बीजाणू तयार करणारा नाजूक थर आत झाकला जातो. छत्र सुकून चामड्यासारखे होते, मेल्यासारखे दिसते. पाऊस पडला की तेच पदर काही तासांत पुन्हा उघडतात आणि बीजाणू पुन्हा उधळले जाऊ लागतात. कॅनडातील विनिपेग येथे काम करणारे रेजिनाल्ड बुलर यांनी १९११ साली या छत्राचे वाळलेले नमुने हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळ्यांत बंद करून ठेवले होते. त्यांतील काही नमुने ५२ वर्षांनंतर भिजविले असता ते उघडले आणि त्यांतून बीजाणू पडू लागले. पुण्यासारख्या ठिकाणी, जेथे वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडून जातो, तेथे उरलेले आठ महिने तग धरावयाचा तर हीच युक्ती कामाची. ग्रामसभेत हा प्रयोग दाखविण्यास खर्च नाही. उन्हाळ्यात वाळकी छत्रे असलेली फांदी आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि संध्याकाळी भिंगाखाली पाहावी. बुरशी ही सजीव वस्तू आहे हे शेतकऱ्यास व्याख्यानापेक्षा या फांदीने लवकर पटेल.

या विषयाचा अभ्यास पुण्यात नाही असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था १९४६ साली येथे स्थापन झाली. तिच्याच संशोधनसंस्थेला १९९२ पासून संस्थापक संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव आहे. महाराष्ट्रातील बुरशींची मोठी सूची एम. एन. कामत आणि त्यांचे सहकारी पटवर्धन, राव व साठे यांनी सिद्ध केली आणि १९७१ साली राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने ती प्रसिद्ध केली. बुरशींचे वाळविलेले नमुने जपणारा अजरेकर यांच्या नावाचा संग्रह आघारकर संस्थेतच आहे. म्हणजे ज्ञान आहे, ते शहरात आहे, आणि हाकेच्या अंतरावर आहे. परंतु इंग्रजी सूचीतील नावे बांधावर पोहोचलेली नाहीत. शेतकऱ्याला बुरशी माहीत आहे ती तांबेरा, भुरी, केवडा या रूपांत, अर्थात शत्रू म्हणून. जी बुरशी त्याचे काम करते तिच्यासाठी त्याच्याजवळ शब्दही नाही. हा दोष शेतकऱ्याचा नव्हे, विस्ताराचे काम करणाऱ्यांचा आहे.

आता ती कोणते काम करते ते पाहू. वर दिसणारे छत्र हे केवळ फळ होय. मूळ देह लाकडाच्या आत पसरलेला असतो. कापसाच्या तंतूहून बारीक अशा पांढऱ्या धाग्यांचे ते जाळे असते. हे धागे पाचकरस सोडतात, लाकडाच्या पेशींची भित्तिका विरघळवितात आणि त्यातून अन्न शोषतात. लाकूड हळूहळू हलके आणि भुसभुशीत होते, त्यात पाणी धरून राहू लागते. त्यानंतर इतर बुरशी, कीटक, गोमा, गांडुळे असे एकामागून एक येतात. आपल्याकडे वाळवीचाही यात मोठा वाटा असतो. हे पहिले छत्र अनेकदा या मिरवणुकीच्या अग्रभागी असते. ताज्या तुटलेल्या फांदीवर ते लवकर बस्तान बसविते आणि इतर बुरशींनी जागा घेतली की मागे हटते.

हे काम मंद का, हे शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याच्या खिशाशी त्याचा संबंध आहे. लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र अत्यल्प. भुशाचा हिशेब मांडला तर नत्राच्या एका भागास कर्बाचे काही शे भाग पडतात. कुजलेल्या शेणखतात तेच प्रमाण विसाच्या आसपास असते. लाकूड कुजविणाऱ्या जीवांना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागते आणि ते जवळपासच्या मातीतून उचलले जाते. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून अथवा गावच्या गिरणीतून भुसा आणून तसाच जमिनीत मिसळला तर पीक पिवळे पडते ते याच कारणाने. भुशात दोष नाही, घाई करणाऱ्यात आहे. तोच भुसा शेण, मूत्र व हिरवा पाला यांच्या थरांत घालून कुजविला, अथवा झाडाच्या बुंध्यापासून थोडा दूर पृष्ठभागावर आच्छादन म्हणून पसरला, तर जमिनीला फायदाच होतो.

जाळण्याने काय साधते? लाकूड जळताना त्यातील कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते. राखेत पालाश व चुना उरतो, पण उघड्या उतारावरील राख पहिल्या जोराच्या पावसात ओढ्याला जाऊन मिळते. मावळ, मुळशी, भोर या भागांत भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिला केवळ अज्ञान म्हणून हिणविणे अन्यायाचे ठरेल. भाजल्याने तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते, रोपे जोमाने उठतात, आणि शेतकऱ्याने हे डोळ्यांनी पाहिलेले आहे. परंतु त्यासाठी डोंगरावरील झाडांच्या फांद्या दरवर्षी उतरविल्या जातात आणि वनाच्या तळाशी पडावयाचे लाकूड वनात राहतच नाही. चारसूत्री भात लागवडीत रोपवाटिकेसाठी भाताच्या तुसाची काळी राख आणि चिखलणीपूर्वी गिरिपुष्पाचा पाला सुचविला आहे, त्यात याच गरजेला दुसरा मार्ग सापडतो. गिरिपुष्प पुण्याच्या टेकड्यांवर वनीकरणात इतके लावले गेले आहे की त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. राब बंद करा असे सांगावयास जाणाऱ्याने तुसाची राख कोठून मिळेल हेही सांगितले पाहिजे. नाहीतर गप्प बसावे.

वठलेल्या झाडाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो पाहण्यास पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या आवारापेक्षा सोयीची जागा नाही. तांबट पक्षी आपले घरटे झाडाच्या मेलेल्या फांदीत कोरून करतो. त्याची चोच सुताराएवढी बळकट नाही. बुरशीने लाकूड मऊ केलेले असते म्हणूनच त्याचे काम भागते. जुन्या ढोल्यांतून पुढे पिंगळा राहतो, आणि पिंगळ्याचे खाणे म्हणजे किडे, नाकतोडे आणि उंदीर. उंदरांवर विषारी गोळ्या टाकणाऱ्या शेतकऱ्याने बांधावरच्या एकुलत्या एक ढोलीच्या झाडाला कुऱ्हाड लावावी यात हिशेबाची चूक आहे. याच ढोल्यांत पोपटही राहतात आणि ते पेरू-डाळिंबाची नासाडी करतात, हेही खरे आहे. ते लपविण्याचे कारण नाही. फळबागेच्या अगदी कडेला असलेल्या झाडाचा निर्णय शेतकऱ्याने स्वतः करावा.

कारण फळबागेचा न्याय मुळातच वेगळा आहे. जे छत्र बांधावरच्या ओंडक्यावर सेवकाचे काम करते तेच जिवंत झाडाच्या जखमेतून आत शिरू शकते. उन्हाने भाजलेली साल, वेडीवाकडी मोडलेली फांदी, छाटणीचा उघडा राहिलेला काप ही त्याची दारे होत. पुरंदरची अंजीर व सीताफळाची बाग असो, जुन्नरकडील द्राक्षबाग असो, अथवा घराभोवतीचे चार आंबे असोत; छाटणी दरवर्षीची आणि छाटलेले लाकूड बागेतच पडलेले, ही अवस्था बरी नव्हे. त्यावर उगवलेली छत्रे लक्षावधी बीजाणू सोडतात आणि ताजे काप शेजारीच असतात. म्हणून बागेतील मृत लाकूड बाहेर काढावे. फांदी तिच्या गाठीलगत, साल न सोलवटता कापावी. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावावी; त्यासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून एकूण १० लिटर पाण्यात एकत्र करावा, आणि भांडे लोखंडाचे नसावे. बुंध्याच्या उन्हाकडील बाजूस चुना दिल्यास साल भाजत नाही. जिवंत झाडावर हे छत्र उगवलेले दिसले तर ते खरवडून काढण्याने रोग जात नाही. फळ तोडले म्हणून झाड मरत नाही तसेच ते आहे. छत्र म्हणजे आतले लाकूड मेले असल्याची सूचना होय. ती फांदी निरोगी लाकूड लागेपर्यंत मागे कापली पाहिजे.

बाहेर काढलेले लाकूड मात्र पुन्हा जाळण्याचे कारण नाही. बागेपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जमिनीला टेकवून ढीग करावा. बारीक फांद्यांचे तुकडे करून नाडेपच्या टाकीत घातले तरी चालेल. वाळवीचा आक्षेप येथे हमखास निघतो आणि तो खोटा नाही. उपाय अंतराचा आहे. घर, गोठा, नवी रोपे यांच्यालगत ढीग घालू नये.

आता खाण्याविषयी. ईशान्य भारतात, विशेषतः मणिपूरमध्ये, हेच छत्र आवडीने खाल्ले जाते. तेथे त्यास कांगलायेन म्हणतात आणि बाजारात ते विकले जाते. थायलंड, मलेशिया, मेक्सिको येथेही ते खाल्ले जाते. तेथील लोक कोवळी छत्रे वेचतात. जून झालेली चामड्यासारखी चिवट असतात. ही माहिती वाचून कोणी पुण्याच्या रस्त्यावरील फांदीवरून छत्रे वेचावयास निघू नये. मणिपूरच्या घरांत ही पारख आजीपासून नातीपर्यंत आलेली आहे. कोकण-गोव्यात वारुळावरच्या अळंबीची पारख तशीच आहे, पूर्व विदर्भात सात्यांची आहे. पुणेकराजवळ या लाकडावरच्या छत्राची नाही. शिवाय शहरातील लाकडावर कोणता रंग, कोणते कीटकनाशक, कोणता धूर बसला आहे हे वेचणाऱ्यास कळण्याचा मार्ग नसतो, आणि बुरशी जड धातू शोषून साठविते.

अलीकडे शहरांत रानातील अळिंबी वेचण्याचे कौतुक वाढले आहे, आणि त्याबरोबर ओळखीच्या जुन्या भोळ्या कसोट्याही फिरत आहेत. चांदीचा चमचा काळा पडला नाही तर निर्धोक. लसूण रंगली नाही तर निर्धोक. किड्यांनी खाल्लेले असेल तर माणसासही चालते. यांतील एकही कसोटी खरी नाही. पावसाळ्यात हिरवळीवर आणि उकिरड्याजवळ एक मोठे, पांढरे, देखणे छत्र उगवते. त्याची पाती पिकल्यावर हिरवट होतात. ते खाल्ल्याने जोराच्या उलट्या व जुलाब होतात, आणि चवीला ते वाईट लागत नाही, हाच त्याचा धोका. काही जहाल विषारी अळिंबींचा परिणाम तर सहा ते बारा तास, कधी त्याहून अधिक वेळ, दिसतच नाही. दिसू लागतो तोवर यकृतावर आघात झालेला असतो. अळिंबी खाल्ल्यानंतर त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय करीत न बसता रुग्णास रुग्णालयात न्यावे आणि उरलेली अळिंबी, शिजलेली अथवा कच्ची, बरोबर न्यावी. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर जूनच्या आरंभी एवढी तीन वाक्ये लिहिली गेली तरी पुष्कळ झाले.

ज्याला अळिंबी हवी आहे त्याच्यासाठी धिंगरी आहे. धिंगरीही मूळची लाकडावर वाढणारीच बुरशी. तिला भाताचा पेंढा, गव्हाचे काड, सोयाबीनचा भुसा किंवा उसाचे पाचट दिले तरी ती तक्रार करीत नाही. काड बारीक करून भिजवावे, सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवून निथळावे, पिशवीत थराथराने बियाणे पेरून पिशवी बंद करावी. दोन ते तीन आठवड्यांत काड पांढऱ्या धाग्यांनी भरते. मग पिशवी कापून दमट, मोकळ्या हवेच्या खोलीत टांगली की लौकरच पहिला तोडा मिळतो. पुण्याच्या कृषि महाविद्यालयात अळिंबीवरील अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र आहे. तेथे प्रशिक्षणाची आणि बियाण्याची चौकशी करावी. वाढीच्या खोलीत नाकातोंडावर कापड बांधून जावे. धिंगरीचे बीजाणू छातीला त्रास देतात, आणि शिझोफायलमच्या बीजाणूंनी, क्वचित का होईना, फुप्फुसाचे व नाकाच्या पोकळ्यांचे विकार झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. दमेकरी माणसास हे काम देऊ नये, आणि वर सांगितलेला ओल्या फडक्याचा प्रयोगही त्याच्या हाती देऊ नये.

जपानमध्ये याच छत्रापासून काढलेला एक पदार्थ गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचाराच्या जोडीला वापरला गेला. तो शुद्ध करून, मोजून, वैद्यांच्या हातून दिलेला होता. पुड्या बांधून विकणाऱ्यांच्या मालाशी त्याचा संबंध नाही.

उरला शहराचा प्रश्न. पुण्यात दर पावसाळ्यात झाडे व फांद्या पडतात, वाहनांवर पडतात, कधी माणसांवर पडतात. रस्त्यावर झुकलेले वठलेले झाड पाखरांसाठी राखून ठेवा, असा सल्ला कोणी शहाणा देणार नाही. झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि तशी ती लागली पाहिजे. पण ज्या झाडाच्या बुंध्याशी गॅनोडर्माची तपकिरी, लाकडी, पुठ्ठ्यासारखी छत्रे उगवली आहेत त्याची तपासणी लांबणीवर टाकता कामा नये. मुळे कुजल्याची ती खूण असते आणि गुलमोहरात ती पुष्कळदा दिसते. बुंध्याला सिमेंटने गळ्यापर्यंत आवळणे हे अशा मुळकुजीला आमंत्रणच होय.

परंतु झाड पडल्यावर अथवा पाडल्यावर त्याचे काय करावयाचे, हा निर्णय कोणाच्याही जिवाशी निगडित नाही आणि तोच सर्वांत अविचाराने घेतला जातो. खोडाचे लाकूड कामाचे असेल ते कामास जावे. पाचोळा खतात जावा. मधल्या आकाराचे, कोणाच्याच उपयोगाचे नसलेले ओंडके गाडीत भरून शहराबाहेर नेण्यात इंधन खर्ची पडते, आणि शेवटी ते बहुधा जळतातच. प्रत्येक सार्वजनिक उद्यानात, महाविद्यालयाच्या आवारात, टेकडीच्या पायथ्याशी असे चार-सहा ओंडके एका कोपऱ्यात ठेवून द्यावेत. शहरात प्रशिक्षणासाठी येणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना ते दाखवावेत; पहिल्या वर्षाचा, दुसऱ्या वर्षाचा, चौथ्या वर्षाचा ओंडका शेजारी शेजारी ठेवला तर लाकडाची माती कशी होते हे तासाभरात कळते. ओंडका सावलीत असावा, त्याची साल काढू नये, तो विटांवर चढवू नये; जमिनीला टेकलेला असावा, आणि कोणत्याही इमारतीच्या दारे-खिडक्यांच्या लाकडापासून दूर असावा.